धुक्याच्या दिवशी आई कुणाकडे होती

त्याला घरात, स्टुडिओत आणि आता बँकेतसुद्धा सगळे कात्रीच म्हणत. लोकांच्या लग्नाचं शूटिंग कापून-जोडून त्याचा सिनेमा करणं हा त्याचा धंदा. नवरा जांभई देतो, नवरीची मावशी भेटीचं पाकीट हाताने चाचपून बघते, दोन व्याही कोपऱ्यात एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात असतात. हे सगळं कापायचं आणि उरेल त्याला मंद संगीत लावून सुख म्हणून विकायचं. काही लग्नांत इतकं कापावं लागायचं, की शेवटी हॉल आणि दिवे तेवढे उरायचे.

त्यामुळे आजी गेल्यावर दोन महिन्यांनी, तिच्या आठवणींचा एक कार्यक्रम करू या असं ठरलं तेव्हा तिच्या आयुष्यावरचा छोटासा सिनेमा करायचं काम साहजिकच त्याच्या गळ्यात पडलं.

आयुष्य तसं सरळ होतं. आजोबा लवकर गेले. आजी मोज्यांच्या कारखान्यात लागली. तिथे एका बाईकडे एक विणायचं यंत्र असे. आजीकडे तीन होती. दोरा कुठेही तुटला तरी यंत्र थांबायच्या आत ती तिथे पोचलेली असायची. तिने तीन मुलं वाढवली, मग नातवंडं वाढवली, आणि एका दुपारी दवाखान्यात ती वारली. तेव्हा तिच्यापाशी फक्त कात्रीचे बाबा होते. आत्याला आणि काकाला सकाळीच कळवलं होतं, पण ते दोघं संध्याकाळी आले, आणि आले ते अगदी शांत. आत्या तर म्हणाली, "भेट झाली माझी, बरं झालं." कात्रीला वाटलं, कधीतरीच्या आधीच्या भेटीबद्दल बोलते आहे. दुःखात लोक काहीही बोलतात. ते कापायचं असतं.

या तीन भावंडांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्या नात्यागोत्यात त्यांच्याएवढी समंजस भावंडं नव्हती. आजीचं जुनं घर बाबांनी काकाला देऊ केलं, काकाने आत्याला, आत्याने परत बाबांना. कागदपत्रं तयार करणारा वकील कंटाळून म्हणाला होता, की भांडणारी माणसं याहून लवकर आटपतात. जेवताना भांड्यात शेवटचा घास उरला की तो तसाच राही. "तू घे." "नाही, तू घे." शेवटी मोलकरीण तो घेऊन जाई. लोक म्हणत, आईचे संस्कार. कात्रीला लहानपणापासून वाटायचं, की हे तिघं एकमेकांशी आजारी माणसाशी वागावं तसे वागतात.

सिनेमासाठी तिघांनी आईबद्दल आपापली एक आठवण सांगायची होती. लगेच सुरू झालं. आधी दादाने सांगू दे. नाही, आधी ताई. नाही, धाकट्याचं आधी. यात दोन आठवडे गेले. शेवटी कात्रीने फर्मान काढलं: रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला तिघांनीही आपापल्या घरी, आपापल्या फोनसमोर बसायचं आणि एकदमच बोलायचं. आधी कुणी नाही आणि नंतर कुणी नाही.

"खोलीत दुसरं कुणी नको," त्याने बजावलं. "आवाज खराब होतो."

"माझ्या खोलीत कोण असणार," बाबा म्हणाले, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पडलेलं वर्तमानपत्र उचलून त्यांनी टेबलावर ठेवलं.

रविवारी चार वाजता कात्री बाबांच्या दारासमोर जिन्यात बसून राहिला. आत बाबा बोलत होते. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. माणूस फोनशी असा बोलत नाही. मधेमधे थांबत होते, जसं समोरच्याने मान हलवेपर्यंत आपण थांबतो.

सोमवारी सकाळी त्याने तिन्ही रेकॉर्डिंग उघडली. स्टुडिओ म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. खिडकीला काळा कागद, भिंतींना अंड्यांचे ट्रे, खालून शिलाई मशीनची घरघर. त्याने हेडफोन चढवले आणि बाबांपासून सुरुवात केली.

बाबा धुक्याच्या दिवसाबद्दल बोलत होते. त्या दिवसाबद्दल शहरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे काहीतरी असतंच. दुपारीच एवढं धुकं उतरलं होतं, की स्वतःचा पसरलेला हात दिसेना. बस थांबल्या. लोकांना दिशा कळावी म्हणून कारखान्याचा भोंगा थांबून थांबून वाजत होता. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. शाळा पुलापलीकडे, टेकडीवर. एकेका मुलाला न्यायला कुणी ना कुणी आलं आणि शेवटी पायऱ्यांवर बाबा एकटे उरले. शिपाई कुलूप हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होता.

"आणि मग आई आली," बाबा म्हणाले. "केसांत कारखान्यातली लोकर तशीच. माझा हात धरला. तेवढ्यात भोंगा वाजला, आधीसारखा तुटक नाही, चांगला लांब. घराच्या दारापर्यंत आणलं आणि म्हणाली, तू वर जा, मी आलेच. आणि म्हणाली, ताईला आणि धाकट्याला सांगू नकोस. ती दोघं माझी वाट बघत होती आणि मी तुझ्याकडे आले. कळलं तर त्यांना वाईट वाटेल." बाबांनी नाक पुसलं. "मी कधी सांगितलं नाही. आयुष्यभर त्या दोघांचं तोंड बघितलं की मला वाटायचं, यांचं काहीतरी माझ्याकडे आहे. म्हणून जमेल तेवढं देत राहिलो."

कात्रीने खूण करून ठेवली. चांगलं होतं. लोक रडतील.

मग त्याने आत्याचं उघडलं. आत्या तेव्हा दहा वर्षांची होती आणि स्टेशनजवळच्या दवाखान्यात होती. घशाचं ऑपरेशन झालं होतं. बोलता येत नव्हतं. नर्स म्हणाली होती, आज या धुक्यात कुणाची आई येणार नाही, डोळे मिटा. "मी मिटले नाहीत," आत्या म्हणाली. "आई आली. केसांत लोकर. स्टुलावर बसली आणि कपाळावर हात ठेवला. लांब भोंगा वाजला, तो थांबेपर्यंत तिने हात काढला नाही. जाताना म्हणाली, दादाला आणि धाकट्याला सांगू नकोस."

कात्रीने हेडफोन काढले, खालची घरघर ऐकली आणि परत चढवले.

काका पाच वर्षांचा होता. पाळणाघरातली बाई रस्त्यावर कुणाची तरी वाट बघायला गेली आणि दार उघडं राहिलं. काका बाहेर पडला आणि चालत राहिला. "पांढरं, सगळं पांढरं," काका म्हणाला. "मला वाटलं आपण झोपलोय. मग मागून कुणीतरी कॉलर धरून ओढलं, आणि माझ्या नाकासमोरून एक ट्रक गेला. नुसती चाकं दिसली. आईने मला छातीशी धरलं होतं. तिच्या केसांतली लोकर माझ्या तोंडात गेली. भोंगा इतका लांब वाजला, की मी त्यातच रडून घेतलं." पुढचं वाक्य कात्रीला आता पाठ होतं.

शाळा एका टोकाला, दवाखाना मध्ये, पाळणाघर दुसऱ्या टोकाला. धुकं नसतानाही एकीकडून दुसरीकडे जायला बसने अर्धा दिवस जाई. आणि भोंगा एकच.

कात्री तर्काने चालणारा माणूस होता. त्याने स्वतःला सांगितलं, की लहान मुलांच्या आठवणी म्हणजे लग्नातली गर्दी. कोण कुठे उभं होतं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. एकजण खरा असेल, बाकी दोघांनी पुढे मनाने जुळवून घेतलं असेल. मोठा प्रश्न वेगळाच होता. हे तिन्ही तुकडे एका पडद्यावर लागले, की तिघांनाही कळणार होतं की आपल्याला मिळालेली आई सगळ्यांनाच मिळाली होती. बाबांचं वजन दोन महिन्यांत उतरलं होतं. ते एवढ्याच एका गोष्टीवर उभे होते. ती काढून घ्यायची म्हणजे म्हाताऱ्याच्या हातातली काठी काढून घेण्यासारखं.

उपाय सोपा होता. धुकं कापायचं. भोंगा कापायचा. 'सांगू नकोस' कापायचं. मग उरतात तीन वेगळ्या दिवसांच्या तीन साध्या आठवणी. एकदा शाळेत आली, एकदा दवाखान्यात आली, एकदा रस्त्यावर सापडली. तो असली कामं रोजच करायचा.

कापायला म्हणून त्याने बाबांचा आवाज वाढवला. आणि त्याला तो हुंकार ऐकू आला.

आजीला गोष्ट सांगायला लागलं की ती हुंकार द्यायची. तिचा 'हं' नाकात सुरू होऊन शेवटी किंचित वर जायचा, मग पुढे काय असं विचारल्यासारखा. बाबा म्हणाले, "शिपाई कुलूप घेऊन बघत होता," आणि थांबले, आणि त्या थांबण्यात, फोनपासून जरा दूर, कुणीतरी म्हणालं, "हं."

बाबा पुढे बोलू लागले.

कात्रीने ते परत लावलं. मग आणखी एकदा. मग उठून खाली जाऊन शिंप्याला विचारलं, की तुम्ही आता काही म्हणालात का. शिंपी तोंडात टाचण्या धरून होता. त्याने मान हलवली.

वर येऊन त्याने आत्याचा आवाज वाढवला. काकाचा वाढवला. तिन्हीकडे होता.

मग त्याने जे केलं ते त्याला त्या वेळी अगदी शहाणपणाचं वाटलं. तिन्ही रेकॉर्डिंग एकाच दुपारी, एकाच वेळी झाली होती. त्याने ती घड्याळाप्रमाणे एकाखाली एक लावली आणि प्रत्येक हुंकारावर खूण केली. त्याचा विचार असा होता, की हुंकार खरंच एकाच बाईचे असतील, तर ते एकावर एक पडणार नाहीत. ही बाई नाहीच, हा विचार त्याने तेवढ्यापुरता बाजूला ठेवला होता.

खुणा एकावर एक पडत नव्हत्या. बाबांकडे 'हं', लगेच आत्याकडे, लगेच काकाकडे, परत बाबांकडे. तीन यंत्रांमध्ये कुणीतरी फिरत राहावं तशा. कात्रीने सुटकेचा निःश्वास सोडला. निदान आजी एकच आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण कशावर समाधान मानतो आहोत हे कळून त्याने खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकवली.

तो ऐकत राहिला. तिघं बोलत बोलत आपापल्या धुक्यात शिरले होते. हुंकार जवळ जवळ यायला लागले. आता त्यांच्यात श्वास लागल्याचा आवाज होता, जिना चढून आल्यावर माणूस दारात उभं राहून हसून दाखवतं तसा.

मग योगायोगाने तिघंही एकाच क्षणी भोंग्यापाशी पोचले.

बाबा म्हणाले, लांब. आत्या म्हणाली, लांब. काका काही बोललाच नाही, त्याला रडू आलं होतं.

तिन्हीकडे एकदम 'हं' आला.

त्यानंतरचे हुंकार शेवटपर्यंत एकत्रच होते. पण पातळ. एका माणसाचा आवाज तीन भांड्यांत ओतल्यावर व्हावा तसे.

घरी आल्यावर त्याने आईला विचारलं. आई औषधाच्या दुकानात काम करायची आणि तिचा कशावरच विश्वास नव्हता, औषधांवरही फारसा नाही.

"तुला कधी आजीचं काही विचित्र वाटलं?"

"सासू होती ती माझी," आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "सगळंच वाटलं."

"तसं नाही. म्हणजे, दोन ठिकाणी असल्यासारखं."

आईने हातातली घडी अर्धी सोडली. "मी स्वयंपाकघरात असले की मागे उभ्या असायच्या. दमून बाहेरच्या खोलीत जावं तर तिथे सोफ्यावर बसलेल्या असायच्या. मला वाटलं, सगळ्याच सुनांना असं वाटतं. म्हणून कुणाला बोलले नाही."

"आणि आता?"

आईने बाबांच्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. आत बाबा हळू आवाजात कुणाला तरी दिवसभरातलं सांगत होते.

"आता मी बाहेरच्या खोलीतच असते," आई म्हणाली.

कारखान्यात आजीच्या शेजारच्या यंत्रावर असलेली बाई अजून होती. कारखाना बंद पडला होता, पण ती त्याच्याच मागच्या चाळवजा इमारतीत तळमजल्याला राहत होती. जन्मभर यंत्रांत काढल्यामुळे तिला कमी ऐकू यायचं आणि ती ओरडून बोलायची. सगळे तिला भोंगामावशी म्हणायचे. कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायच्या निमित्ताने कात्री तिच्याकडे गेला. खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते, आणि पुढचं सगळं संभाषण त्यांनीही ऐकलं.

"धुक्याचा दिवस?" भोंगामावशी गरजली. "आठवतो ना बाळ. फाटक बंद केलं होतं. साहेब म्हणाला, कुणी बाहेर जायचं नाही, हरवाल. तुझ्या आजीने हात जोडले. पोरं तीन ठिकाणी अडकली आहेत म्हणाली. नाही सोडलं."

"म्हणजे ती मागच्या दाराने गेली?"

"कुठे गेली? माझ्या शेजारीच तर होती, सुटी होईपर्यंत."

खिडकीबाहेरच्या एका म्हाताऱ्याने कान खाजवला.

"बसली आपल्या जागेवर," मावशी म्हणाली, "आणि हात चालत होते. दोरा तुटला की जोडत होती. पण हाक मारली तर ओ देईना. मी पाणी दिलं, तर ग्लास धरला नाही. हाताला हात लावला, तर असा गार, जसं सुटीच्या दिवशी यंत्र असतं. डोळे उघडे, पण तिथे कुणी नाही. मी घाबरले. साहेबाला बोलवावं म्हटलं, तर साहेब स्वतःच धुक्याला घाबरून कपाटाला टेकून बसलेला." ती क्षणभर हसली आणि हसू तसंच विझलं. "लांब भोंगा झाला. बऱ्याच वेळाने डोळ्यांत परत आली. आली तेव्हा कानाजवळचे केस पांढरे होते. सकाळी नव्हते."

"तुम्ही काही विचारलं नाही?"

"खूप वर्षांनी विचारलं. म्हणाली, जमतं गं. पोरं मनापासून वाट बघायला लागली की जावंच लागतं. फक्त परत गोळा व्हायला वेळ लागतो." भोंगामावशीने आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. तो नुसता साध्या बोलण्याएवढा झाला. "म्हणाली, दर वेळी थोडी कमीच गोळा होते मी."

बाकावरचे म्हातारे उठून गेले होते.

"बाळ," मावशी म्हणाली, "ती गेली ना दवाखान्यात, तेव्हा सगळी गोळा झालेली होती का रे?"

कात्रीला आत्याचं ते 'भेट झाली माझी' आठवलं. त्या दुपारी आत्या तिच्या घरी होती, काका त्याच्या ऑफिसात, बाबा पलंगाशी. तिघंही वाट बघत होते. तो चपला घालायला लागला.

बसमध्ये परत येताना त्याला एवढंच कळत होतं, की एक म्हातारी बाई मरून दोन महिने झाले तरी तीन घरांत धावते आहे. तिला धाप लागते आहे. आणि तिच्या तिन्ही गुणी मुलांना वाटतं आहे, की ती फक्त आपल्याकडे आहे, म्हणून तिघंही तिला प्रेमाने बोलावत आहेत. एकाला जरी कळलं, की दुसरे दोघंही ओढताहेत, तरी तो हात सोडेल. शेवटचा घास न घेणारी माणसं ती.

स्टुडिओत पोचल्यावर त्याने जे कापायचं ठरवलं होतं ते सगळं जोडलं. धुकं जोडलं. 'सांगू नकोस' जोडलं. भोंग्यापाशी तिघांना एकत्र आणलं. हुंकारांना हात लावला नाही. बाबांचं काय होईल याची भीती होतीच, पण आता त्याहून मोठी एक दुसरी भीती होती.

कार्यक्रम शनिवारी दुपारी, एका शाळेच्या सभागृहात झाला. बरीच माणसं आली. तिन्ही भावंडांनी पुढची जागा एकमेकांना देऊ केल्यामुळे पुढची रांग रिकामी राहिली आणि ती तिघं तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसली. भोंगामावशी आली आणि दारातूनच तिने सगळ्यांना तब्येत विचारली. दिवे मालवले. पडदा उजळला.

आधी फोटो होते. तरुण आजी यंत्रांपुढे. आजी तीन मुलांसह. आजी नातवंडांसह, एक कडेवर, एक पाठीवर, एक तिचा चष्मा चघळतो आहे, म्हणजे कात्री. लोक हसले. मग बाबा बोलायला लागले.

बाबांचं झालं, आत्याचं सुरू झालं. धुकं हा शब्द आला तेव्हा डावीकडच्या कोपऱ्यात बाबांनी मान वर केली. काकाचं सुरू झालं. कात्री पडद्याकडे बघत नव्हता. तो अंधारात तीन चेहरे बघत होता.

पडद्यावर तिघं एकत्र आले, भोंगा आला. तिघं थांबले. सभागृहभर 'हं' उमटला.

कुणीतरी मागे हळूच म्हणालं, "काय सुंदर आवाज टाकलाय."

दिवे लागल्यावर लोक भेटून, नाकं पुसून, चहा घेऊन गेले. कात्री वायरी गुंडाळत होता. तिघं भावंडं सभागृहाच्या मधोमध उभी होती.

"दादा, तू शाळेत होतास," आत्या म्हणाली.

"हो. आणि तू दवाखान्यात."

"मी रस्त्यावर," काका म्हणाला.

बाबा म्हणाले, "दमली असेल रे ती."

कात्रीचे हात थांबले. त्याला हेच हवं होतं.

"बाबा," तो म्हणाला, "आता तिला जाऊ द्या. तिघांनीही. बोलवू नका."

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं, मोठ्यांच्या बोलण्यात पोराने तोंड घातल्यावर बघतात तसं.

"दमली असेल तर तिने एकाच ठिकाणी राहावं," बाबा म्हणाले. "माझ्याकडे राहू दे."

"तुझ्याकडे जिने आहेत, दादा," आत्या म्हणाली. "तिचे गुडघे."

"माझ्याकडे लिफ्ट आहे," काका म्हणाला.

"तुझ्याकडे तिला करमत नाही. मला सांगते ती."

"तुला सांगते? रोज रात्रभर माझ्या उशाशी असते ती, ताई."

"मी थोरला आहे," बाबा म्हणाले.

आवाज चढले नाहीत. कात्रीने आयुष्यात पहिल्यांदा या तिघांना 'माझ्याकडे' हा शब्द वापरताना ऐकलं, आणि तो त्यांच्या तोंडात किती सहज बसला होता. देत राहिलेली माणसं हातात काय धरून होती ते आता दिसत होतं.

तिघं बाहेर निघाली. कात्री मागोमाग गेला. पटांगणात तीन गाड्या उभ्या होत्या. तिघांनी एकमेकांकडे न बघता आपापल्या गाडीचं मागचं दार उघडलं.

आणि दार धरून उभी राहिली.

बाबांनी एक हात गाडीच्या छताच्या कडेवर ठेवला होता, आत बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून. आत्या वाकून म्हणाली, "सावकाश." काकाने पायाशी पडलेली पिशवी उचलून पुढे ठेवली.

आधी दार कोण लावतो याची तिघंही वाट बघत होती.

कुणी लावेना. वारा पडला होता. पटांगणातल्या झाडाचं पानही हलत नव्हतं. लांबवर एक बस गेली.

मग तिन्ही गाड्या मागच्या बाजूने किंचित खाली बसल्या.

एकदम.

तिन्ही दारं लागली. बाबांनी काच खाली करून कात्रीला विचारलं, "येतोस ना आमच्याबरोबर?" त्या 'आमच्या'त कात्रीची आई नव्हती. ती आधीच बसने गेली होती.

"नाही," कात्री म्हणाला. "स्कूटर आहे."

गाड्या तीन दिशांना गेल्या. पटांगण रिकामं झालं. कात्रीने सामानाची पिशवी पुढे अडकवली, स्कूटरवर बसला आणि किल्ली हातात घेऊन तसाच राहिला. मग रिकाम्या पटांगणाला उद्देशून, शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "आजी, माझ्याकडे यायची गरज नाही. मला काही नको. मी जाईन एकटा, नीट."

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलल्यावर कळलं. एकटा जातो म्हटल्यावर ती आजवर कधीच घरी थांबली नव्हती.

मागचं स्प्रिंग दबलं. एका बाजूने, दोन्ही पाय एकीकडे सोडून बसणारं माणूस बसल्यावर दबतं तसं.

कात्रीने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. आजीला तपासणीला नेहमी तोच घेऊन जायचा. ती बसली की गाडी किती खाली जाते, हे त्याच्या मनगटांना पाठ होतं. पाय जमिनीला टेकवून तो बाकीचं वजन यायची वाट बघत राहिला.

तेवढंच होतं. नुकत्याच शाळेत जायला लागलेल्या मुलीएवढं.